बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

बीड, परळी, माजलगाव आणि धारूर या चारी बाजूंचे रस्ते ज्या चौफुलीवर येऊन मिळतात, त्या आमच्या तेलगावातून दिवाळीच्या आगेमागे, गावाला लागून साखर कारखाना असूनही, ऊसतोडीची बिऱ्हाडे मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिमेचा रस्ता धरतात आणि त्यांतली काही दौंड तालुक्यातील कारखान्यांवर जाऊन उतरतात. त्याच तालुक्यात, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, केडगाव आहे. आणि केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, एवढे आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगता येते. केव्हा झाल्या, असे विचारले तर चरित्रग्रंथ २९ सप्टेंबर १८८३ ही तारीख देतात, आणि इंग्लंडातील वाँटेज या गावी झालेल्या बाप्तिस्म्याची ती तारीख सर्वथैव बिनचूक आहे. परंतु १९०७ साली आपल्या आध्यात्मिक जीवनाची कैफियत बाईंनी स्वतः लिहून काढली, तेव्हा या तारखेची त्यांनी जी वासलात लावली ती पाहून मिशनचा अभिमानी आणि मिशनचा द्वेष्टा हे दोघेही सारखेच गोंधळात पडावेत. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले, असे त्या लिहितात, की आपल्या हाती ख्रिस्ती धर्म तेवढा लागला होता. ख्रिस्त लागलेला नव्हता.

हा विनय नव्हे, आणि भाविकांच्या आत्मकथनात पदोपदी भेटणारी आत्मनिंदेची रूढ भाषाही नव्हे. बाह्य धर्माचे माप घेण्याचा अधिकार रमाबाईंइतका त्या काळच्या महाराष्ट्रात क्वचितच कोणाला असेल, कारण तो धर्म त्यांनी लहानपणापासून अक्षरशः पायांखाली तुडवलेल्या वाटांवर पाळला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. स्त्रीला संस्कृत शिकवल्याबद्दल शास्त्रार्थ करून आपली बाजू मांडणारे, आणि तरीही आचाराच्या बाबतीत तिळमात्र न ढळणारे. आज या क्षेत्री, उद्या त्या क्षेत्री, देवळाच्या ओवरीत पोथी सोडून बसावे, येणाऱ्याजाणाऱ्याने जे वाहिले त्यावर गुजराण करावी आणि उरलेले ब्राह्मणांस दान करून पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा या कुटुंबाचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. दुष्काळात हा क्रम तुटला. शिल्लक होती ती दानधर्मात गेली, मोलमजुरीची सवय नव्हती, भिक्षा मागण्याची लाज होती. आणि १८७४ च्या सुमारास वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही एकामागून एक गेली. मागे राहिलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली.

कलकत्त्याने तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वीस वर्षांची ही मुलगी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत म्हणते, हे ऐकून मोठमोठे शास्त्री थक्क झाले. याच मुक्कामात घडलेला एक लहानसा प्रसंग बाईंनी पुढे नमूद करून ठेवला आहे. ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला ही भावंडे गेली असता, प्रार्थनेची वेळ होताच सारी मंडळी उठली, आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकून बसली आणि डोळे मिटून काही पुटपुटू लागली. समोर मूर्ती नाही, चित्र नाही, नैवेद्य नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करत असावेत, असा या दोघांनी तर्क केला. या प्रसंगावर आपण हसतो, आणि बाईही हसल्या असाव्यात; परंतु परक्याच्या धर्माचे बाहेरून जे दिसते ते तेवढेच असते, एक खुर्ची आणि तिच्यापुढे वाकलेली पाठ, ही गोष्ट त्या मेळाव्याने त्यांना नकळत शिकवली.

पुढचा इतिहास त्वरेने सांगता येतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. मुलगी मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची असताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती वारला. सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती, तिचे वाचन तेथेच सुरू झाले. पुण्यास आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे साक्ष, आणि १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास प्रयाण. तेथे वाँटेजच्या भगिनीमंडळात त्या उतरल्या. लंडनमधील फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी जो आश्रम चालवीत असत तो पाहून, आणि ज्यांच्या सावलीलाही आपल्याकडे विटाळ मानतात अशा स्त्रियांची शुश्रूषा कुलीन स्त्रिया आपल्या हाताने करतात हे पाहून त्यांच्या मनावर जो परिणाम झाला, तो कोणत्याही धर्मग्रंथाने झाला नव्हता. बाप्तिस्मा झाला तो मायलेकींचा एकदमच. मराठी वृत्तपत्रांनी कपाळाला हात लावला, मिशनच्या नियतकालिकांनी आनंद प्रकट केला, आणि दोन्ही दफ्तरांत प्रकरण निकाली निघाले.

ते मुळीच निकाली निघालेले नव्हते, हे वाँटेजच्या भगिनींना लवकरच कळून चुकले. भगिनी जेराल्डीन ही त्यांची धर्ममाता. तिने गळ्यात घालावयास सांगितलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. रमाबाईंचे म्हणणे, लॅटिन मला येत नाही. अक्षरे असायचीच तर संस्कृत का नसावीत? पक्वान्नात अंडे घातलेले असले की त्या पान बाजूला सारीत, आणि हा जातीचा गर्व आहे असे त्यांना बजावले जाई. त्रैक्याचा सिद्धान्त, अथनेशियसचा मतांगीकार, बिशपांचा अधिकार या प्रत्येक बाबतीत त्यांनी पत्रांतून जे सवालजबाब केले ते वाचताना अनंतशास्त्र्यांची लेक वादसभेत उतरली आहे असा भास होतो: मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, म्हणून धर्मगुरूच्या मुखातून पडणारा प्रत्येक शब्द मी शिरसावंद्य मानावा असे नाही, हा त्या सवालजबाबांचा मथितार्थ. बिचाऱ्या भगिनीला ही शिष्या कृतघ्न आणि अहंकारी वाटली. तिची कीव येते खरी. तिने एका हिंदू विधवेला आश्रय दिला होता, आणि तिच्या पदरी एक पंडित पडला होता.

या सिद्धान्तांच्या बाबतीत रमाबाईंची जी काही समजूत पटली ती बहुतांशी नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने, आणि गोरेशास्त्र्यांची कथा येथे वगळता येण्यासारखी नाही. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित मिशनऱ्यांचे खंडन करावयास निघाला आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाला. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्याने सहाही दर्शनांशी झुंज घेतली; पुढे कौली फादर्स या ख्रिस्ती साधुसंघात तो दाखल झाला. ज्याच्या तर्काने इतरांच्या शंका फिटत, त्याला स्वतःला मात्र आयुष्यभर शंकांनी सोडले नाही. दीक्षेची अंतिम शपथ त्याने कधी घेतलीच नाही; १८९५ साली देह ठेवीपर्यंत तो त्या मठात नवदीक्षित म्हणूनच राहिला. बाहेरच्या जगात धर्मरक्षक म्हणून कीर्ती, आणि आत रात्रंदिवस स्वतःच्या श्रद्धेचा हिशेब न जुळणारे मन! माझ्या मते गोरेशास्त्र्यांचे मोठेपण त्यांच्या ग्रंथांपेक्षा या न घेतलेल्या शपथेत आहे, कारण ती घेण्यास त्यांना कोणाची आडकाठी नव्हती आणि घेतली असती तर कोणास शंकाही आली नसती.

अमेरिकेत व्याख्याने देऊन, बोस्टनच्या मंडळाकडून दहा वर्षांच्या साह्याचे वचन घेऊन रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर त्यांनी शारदासदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदनाचा करार असा की, तेथे कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही आणि मुलींच्या आचारविचारात ढवळाढवळ करावयाची नाही. सल्लागारांत रानडे आणि भांडारकरांसारखे गृहस्थ. मिशनरी मंडळींना हा करार खुपला; बाप्तिस्मा घेतलेल्या बाईच्या शाळेत बायबल नाही, हे त्यांना विपरीत वाटले. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलले.

आणि त्या वेळचे पुणे कशात गढलेले होते? चहात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंचहौदच्या मिशनमध्ये, जेथे वाँटेजच्या भगिनींचीही शाखा होती, शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ व्याख्यानासाठी म्हणून जमले आणि त्यांच्यापुढे चहाबिस्किटे आली. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभवा’त छापून आणवली. कोणी प्याले, कोणी नुसता पेला हातात धरला, कोणी तोही टेबलावर ठेवून दिला. परंतु ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांच्या हुजुरात गेले, चौकशीला शास्त्री नेमले गेले, आणि दोन वर्षे पुण्यातील कुटुंबांत लग्नामुंजीची निमंत्रणे या पेल्याच्या हिशेबाने जाऊयेऊ लागली. जमलेल्यांपैकी लोकमान्य टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली मित्रांच्या संकोचास्तव ते घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. ज्यांच्या अंतःकरणात ईश्वरभक्तीचा झरा अखंड होता असे रानडे, आणि ज्यांची बुद्धी वेदकालाच्या गणितात रमलेली होती असे टिळक, या दोघांचा धर्म एका चहाच्या पेल्यावरून ठरवला जावा, यात एकट्या पुण्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. समाज ज्याची मोजदाद करू शकतो त्याचीच मोजदाद करतो.

या गदारोळात, १८९१ मध्ये, रमाबाई एक पुस्तक वाचत होत्या. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे ते आत्मचरित्र. कॉर्नवॉलमधील बाल्डू येथे या गृहस्थाने स्वतः खपून देऊळ उभारले होते. विधी, वस्त्रे, उपासनेचा थाट यांत तो अत्यंत दक्ष. त्याचा माळी क्षयाने अंथरुणाला खिळला, आणि मालकाच्या मंडळीकडे पाठ फिरवून मेथडिस्टांच्या उपदेशाने त्याने शांती मिळवली, याचे पाळकाला फार वाईट वाटले. तो आपले गाऱ्हाणे घेऊन एका वडीलधाऱ्या धर्मबंधूकडे गेला, तर त्यानेच उलट याला विचारले, तुझे स्वतःचे परिवर्तन झाले आहे काय? पुढच्याच रविवारी, १८५१ च्या ऑक्टोबरात, तो नुसती क्षमा मागून उपासना आटोपती घेण्याच्या विचाराने व्यासपीठावर चढला, ख्रिस्ताविषयी तुम्हास काय वाटते या वचनावर चार शब्द बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याच्या चर्येत व वाणीत असा पालट झाला की श्रोत्यांपैकी एक जण उभा राहून ओरडला, पाळकाचे परिवर्तन झाले! पुस्तकात पुढे पुष्कळ आहे. पण पुण्यातल्या त्या वाचणाऱ्या बाईला एवढे पुरे होते. इतकी वर्षे दुसऱ्यांना ज्याच्या नावाने उपदेश केला त्याची आणि आपली ओळख नाही, हे कबूल करणारा पाळक तिने प्रथमच पाहिला.

त्यानंतर जे घडले त्याला साक्षीदार नाही. बाईंनी इतकेच लिहिले आहे की, बुद्धीच्या अडचणींत आपण फार दिवस चाचपडत होतो, धर्माची सगळी अंगे आपल्यापाशी होती, आणि शेवटी आपल्याला धर्म नको, ख्रिस्त हवा आहे, हे स्वच्छ दिसले; आपल्या कर्तृत्वाचा आधार सुटला तेव्हा मन शांत झाले. कोणत्याही पाळकाने त्यांच्या मस्तकावर पाणी शिंपडले नाही, कोणत्या रजिस्टरात शेरा पडला नाही. ‘केसरी’ला वास आला नाही आणि वाँटेजला वर्दी गेली नाही. त्या दिवशी सदनातल्या मुलींना नेहमीप्रमाणे धडे देऊन झाले असतील.

पण आतले पाणी पाझरल्यावाचून राहत नाही. रमाबाई आणि मनोरमा सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. एक मुलगी कुतूहलाने येऊन उंबऱ्याशी बसली, मग दुसरी. पुढे कित्येकींना ती रोजची सवय झाली. कोणाला बोलावले नव्हते, कोणाला हाकलले नाही. न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने शारदासदन हे ख्रिस्ती कार्य असल्याचे पूर्वीच छापले होते आणि ‘केसरी’ने त्यावरून झोड उठवली होती, आता हे दारच पुरावा म्हणून पुढे आले. सल्लागारांचे म्हणणे वकिली दृष्टीने रास्त होते: दार लावून घ्या, म्हणजे करार पाळला जाईल. बाईंचे उत्तर असे की, आपल्या घरात हिंदू मुलीला तुळशीपुढे बसण्याची मोकळीक आहे, तशी मला माझ्या देवापुढे बसण्याची आहे. मी काय चोरी करते, की कडी लावून बसू? येथे कायदा कोणाच्या बाजूला होता हे ठरवणे मला तितकेसे सोपे वाटत नाही. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांची तक्रार केवळ सनातनी आकस म्हणून उडवून लावणाऱ्या चरित्रकारांशी माझे पटत नाही. लहान मुलीला आईसारख्या शिक्षिकेच्या उघड्या दाराइतका प्रबळ उपदेश दुसरा कोणता? तरी १८८३ पासून १८९१ पर्यंत हीच बाई ख्रिस्ती म्हणवून घेत होती आणि तिच्या दारात कोणी येऊन बसत नव्हते, हेही तितकेच खरे. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुली घरी नेल्या गेल्या. लौकिकाच्या खात्यावर रमाबाईंची इतकी नाचक्की पूर्वी कधी झाली नव्हती, आणि त्यांच्या स्वतःच्या जबानीप्रमाणे इतके समाधानही पूर्वी कधी नव्हते.

दुष्काळाने पुढची पाने भरली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून तीनशेच्या आसपास बायकामुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर हलवले, आणि तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेतून आणखी आल्या. ज्या वर्षांत केडगावी झोपड्यांच्या रांगा वाढत होत्या, त्याच दशकात निजामाच्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या दीड लाखाने घटली. छप्पनच्या दुष्काळाची आठवण आमच्या बालाघाटच्या गावांत अजून निघते. केडगावी या सुमारास दोन हजारांच्या घरात माणसे जेवत होती, ती कोणाच्या धर्माचा दाखला मागून नव्हे.

आता १९०५ साल. वेल्सकडील धर्मजागृतीच्या वार्ता येत होत्या. बाईंनी प्रार्थनेसाठी स्वेच्छेने येणाऱ्या मुली मागितल्या. प्रथम सत्तर आल्या, पुढे साडेपाचशे. २९ जूनच्या पहाटे एक मुलगी अंगाला आग लागल्यासारखी ओरडत उठली. शेजारणीला खरोखरच ज्वाळा दिसल्या आणि ती पाण्याची बादली आणायला धावली! मग दिवसचे दिवस रडणे, पापांची उघड कबुली, गाणे, एकाच वेळी शेकडो कंठांची प्रार्थना. परदेशांतून वार्ताहर आणि भाविक पाहायला आले; केडगावचे नाव जगाच्या ख्रिस्ती नकाशावर चढले. मला या प्रकरणाविषयी आदर आहे, पण थोडा संकोचही आहे. ज्या स्त्रीच्या आयुष्यातील मुख्य घटना एका बंद तोंडाच्या वाचनात घडली, तिच्याच अंगणात अंतरंग हे पाहण्याची वस्तू झाले, आणि मोजदाद पुन्हा सुरू झाली: किती रडल्या, किती जणींनी बाप्तिस्मा घेतला. बादली आणणारी ती मुलगी मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

जे रमाबाईंना उमगले ते मराठी ख्रिस्ती समाजात पुढे नारायण वामन टिळकांनी उघड बोलून दाखवले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना प्रवेश होता, तसाच न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही. मिशनच्या जमाखर्चात अशा माणसांसाठी रकाना नव्हता. टिळक दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये वारले, आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

रमाबाईंची अखेरची वर्षे एका अशा कामात गेली, ज्याने त्यांच्या कीर्तीत काडीची भर पडली नाही. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही खेड्यातल्या बाईला वाचता यावे अशा मराठीत. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले तिने संस्कृत पांडित्याचा साज आपल्या हाताने उतरवून ठेवला. अक्षरजुळणी, मुद्रण, बांधणी सारे मुक्तीतल्या बायकांनीच केले. मनोरमाबाईंनी निजामाच्याच मुलुखात, गुलबर्ग्यास, मुलींची शाळा काढली होती; जुलै १९२१ मध्ये त्या वारल्या. आई ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवीपर्यंत मुद्रिते तपासत होती. ग्रंथ पूर्ण छापून १९२४ साली बाहेर आला. मराठी मंडळ्यांच्या व्यासपीठांवर त्या वेळीही बायबल सोसायटीचीच प्रत होती, आणि पुढेही तीच राहिली.